दोन अँपियर पुरतात

बिस्मिल्लाह.
बगदाद, रविवार, ६ जून २००४

बद्रिया,

हातिम ड्रायव्हरच्या गाडीतून गुरुवारी पोचलं ते आधी लिहिते, म्हणजे मागाहून शंका नको. सुकवलेली लिंबं, एक पिशवी. म्हशीची साय, एक वाटी. वाटेत आंबली होती, पण टाकली नाही. तुझं पत्र, एक. हातिमने तीन हजार दिनार घेतले. साय आंबवून आणलीस, पाचशे कमी कर म्हटलं, तर म्हणतो, "हज्जीया, ऊन काय माझ्या मालकीचं आहे?" दिले.

आज त्याच्याच गाडीतून तुझ्याकडे एक मशीन येतंय. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकाशी देतं. आईसाठी. जुनं आहे, पण दुकानदाराने तासभर चालवून दाखवलं. किमतीचं विचारू नकोस. माझ्या चार बांगड्यांतल्या दोन गेल्या, दोन आहेत. आईला हे सांगायचं नाही. आठ महिने ती गुंडाळलेल्या गादीला टेकून बसल्या बसल्या झोपतेय, तिला एकदा पाठ टेकता आली की बांगड्या वसूल झाल्या.

आता नीट वाच. मशीनच्या पाठीवर पत्रा आहे. त्यावर लिहिलंय: दोनशे वीस व्होल्ट, चारशे वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर येतात. चारशे भागिले दोनशे वीस म्हणजे एक पूर्णांक ब्याऐंशी. तुमच्या गल्लीचा जनरेटरवाला अबू कर्रार तीन अँपियर घ्या म्हणतो, असं तू लिहितेस. तो म्हणणारच, तो विकायला बसलाय. दोन अँपियर पुरतात. वर अठरा शतांश उरतात, त्यात आईच्या उशाशी पंचवीस वॅटचा दिवा लाव.

शाळेत आमच्या वजीहाबाई फळ्यावर त्रिकोण काढायच्या. वरच्या घरात व्होल्ट, खालच्या दोन घरांत अँपियर आणि ओहम. ओहम म्हणजे वस्तू विजेला किती अडवते ते. हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेल्या दोनांतून ते निघतं. मॅट्रिकला मला विज्ञानात ब्याण्णव मिळाले ते ह्या बोटामुळे. तू तेव्हा शिवणाच्या वर्गात होतीस. म्हणून सांगते, काही अडलं तर मला रडगाणं लिहू नकोस, आकडे लिही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मीटर आण, घरात येतात ते व्होल्ट आणि अँपियर मोजून घे. दोन आकडे कळले की तिसरा मी इथून काढीन.

यांचं तेच चाललंय. दर तिसऱ्या दिवशी इस्पितळात रक्त धुवायचं, मध्ये दोन दिवस बरे.

आईच्या हाताला माझा मुका.

नजिहा

•

अमारा, गुरुवार, १० जून

खय्या नजिहा,

मशीन आलं. हातिमने ते पुढच्या सीटवर बसवून आणलं आणि सीटचं भाडं लावलं. म्हणाला, माणसापेक्षा बरं, वाटेत थांबव म्हणत नाही.

मंगळवारी सकाळी सरकारी वीज होती. लावलं. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "बद्रिया, गादी सोड गं." मी गादी पसरली आणि ती आडवी झाली. पाठीवर, खय्या ताई. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळाने हाक आली, "काय गं ही कोळिष्टकं छताला! आठ महिन्यांत कुंचा नाही फिरवलास?" मग मला हसूच आलं.

पण वीज गेली आणि जनरेटरवर आलो की खेळ बिघडतो. पंधरा-वीस मिनिटं चालतं, मग ब्रेकर पडतो. ब्रेकर आपल्या घरात थोडाच असतो. तो अबू कर्रारच्या शेडमध्ये, फळीवर, सगळ्या गल्लीच्या ब्रेकरांच्या ओळीत. अबाया सावरत शेडपर्यंत जायचं, "चाचा, आमचा वर करा" म्हणायचं, परत येईपर्यंत आई उठून बसलेली असते. काल अकरा वेळा गेले. गल्लीतल्या बायका म्हणतात, बद्रियाला जनरेटरवाल्याचं वेड लागलंय.

अबू कर्रार म्हणतो, "बहिणी, तुमच्या बगदादच्या ताईंना सांगा, पत्र्यावरचे आकडे पत्र्यावर. तिसरा अँपियर घ्या आणि मला झोपू द्या." मी म्हटलं, माझी ताई मॅट्रिक आहे. तो म्हणाला, "माझा जनरेटर अडाणी आहे, तो काय करणार."

तू सांगितलंस तसं मीटर आणलं. जनरेटरवर असताना आमच्या घरात एकशे पासष्ट व्होल्ट येतात. आपलं घर वायरच्या शेवटाला ना, सगळ्यांचं उरलेलं आपल्याला. अँपियर मात्र मोजता आले नाहीत. रेडिओवाला म्हणाला, ह्या मीटरने हे अँपियर दिसत नाहीत, त्याला चिमट्यासारखं वेगळं मीटर लागतं. ते अमाऱ्यात एकाकडे आहे आणि तो बसऱ्याला गेलाय.

तिसरा अँपियर घेऊ का? तू म्हणशील तसं.

बद्रिया

•

बिस्मिल्लाह.
बगदाद, रविवार, १३ जून

बद्रिया,

आई आडवी झाली हे वाचून मी अल्लाचे आभार म्हणून दोन रकात नमाज पढले. मग वही घेतली.

तिसरा अँपियर घ्यायचा नाही. आता सगळं उघड झालंय. बघ: दोनशे वीस व्होल्टला एक पूर्णांक ब्याऐंशी अँपियर, तर मशीनचे ओहम झाले एकशे एकवीस. वस्तू तीच, तिचे ओहम तेच. मग एकशे पासष्ट व्होल्टला ती किती ओढेल? एकशे पासष्ट भागिले एकशे एकवीस, एक पूर्णांक छत्तीस. म्हणजे व्होल्ट कमी आल्यावर मशीनने उलट कमीच ओढायला हवं. दोन अँपियरचा ब्रेकर अशाने पडेलच कसा? पडतो, याचा अर्थ तो दोनचा नाही. वर दोन लिहिलंय आणि आत सव्वा आहे. दोनचे पैसे घेऊन सव्वा देतोय, आणि वर तिसरा विकतोय. चिमट्याच्या मीटरची आता गरज नाही, आकडा मी काढला.

एकट्या बाईला फसवणं सोपं वाटतं त्यांना. पण आकड्यांशी तो भांडत बसेल, म्हणून दुसरं सांगते. गुरुवारी उतरत्या दुपारी असरच्या नमाजानंतर लोक पैसे भरायला त्याच्या शेडपाशी जमतात. तेव्हा जा आणि सगळ्यांसमोर म्हण: माझा ब्रेकर दोनचा आहे अशी कर्बलाच्या हजरत अब्बासची शपथ घे. बाकी एक शब्द बोलू नकोस. अब्बासचं नाव घेऊन खोटं बोलणारा अमाऱ्यात अजून जन्मलेला नाही. तो अडखळेल, आणि सगळी गल्ली बघेल.

घाबरू नकोस. मी तुझ्या पाठीशी आहे.

नजिहा

•

अमारा, गुरुवार, २४ जून

खय्या,

मागच्या गुरुवारी पत्र दिलं नाही, हातिमची गाडी चुकली.

तू सांगितलंस तसं केलं. त्याने शपथ घेतली. अडखळला नाही.

बाकी सगळं ठीक. आई सलाम सांगते. अबू कर्रार रोज दुपारी बर्फाची अर्धी लादी पाठवतो, आईच्या पाण्यासाठी. ह्या महिन्याचे अँपियरचे पैसे पाठवू नकोस, लागत नाहीत. उन्हाने डोळे चुरचुरतात म्हणून थोडंच लिहिते.

बद्रिया

•

बिस्मिल्लाह.
बगदाद, रविवार, २७ जून

बद्रिया,

तुझं पत्र आठ ओळींचं, पण मला हवं ते सगळं त्यात आहे. अडखळला नाही म्हणतेस, पण रोज बर्फ पाठवतोय. ज्याचं मन खातं तोच बर्फ पाठवतो. पैसेही माफ केले. गुपचूप ब्रेकर बदलला असणार. तू आता मोठेपणा घे, विषय काढू नकोस, बर्फाबद्दल दुवा दे.

मशीनची जाळी दर शुक्रवारी धुवायची, सुकल्याशिवाय बसवायची नाही. आई आता रोज आडवी झोपते ना? ते लिहायला तू विसरलीस.

यांना कालपासून थकवा फार. मी दोन्हीकडे मशीनच मोजत बसते बघ, एक रक्ताचं, एक हवेचं.

नजिहा

•

अमारा, गुरुवार, ८ जुलै

खय्या नजिहा,

मी खोटं लिहिलं. आई म्हणाली, "नजिहाला कळवायचं नाही, ती स्वतःला खाईल." पण आता कळवल्यावाचून चालत नाही.

त्या गुरुवारी मी शेडपाशी गेले. वीस-पंचवीस माणसं होती. तू लिहिलेलं वाक्य मी म्हटलं. अबू कर्रारने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "बहिणी, पुन्हा एकदा विचार कर. हे नाव मी विजेसाठी घेऊ?" मी म्हटलं, घे. तू लिहिलं होतंस बाकी एक शब्द बोलू नकोस, म्हणून बोलले नाही. त्याने नळावर हात धुतले, कर्बलाच्या दिशेला तोंड केलं आणि शपथ घेतली: ब्रेकर दोनचा आहे, मी ह्या घराला कधी कमी दिलेलं नाही.

मग त्याने शंभराचे चार दिवे मागवले. शेडमध्ये आमच्या ब्रेकरवर चारही लावले. "चारशे वॅट," म्हणाला, "तुमच्या ताईंचाच आकडा." सगळे बघत उभे. मग म्हणाला, "इथे व्होल्ट पूर्ण आहेत, म्हणून म्हणाल लबाडी," आणि दिवे घेऊन स्वतः आमच्या दारात आला, आमच्या वायरवर लावले. मिणमिणत होते, पिवळे, पण तासभर ब्रेकर पडला नाही. दिवे काढून मशीन लावलं. सतरा मिनिटांत पडला. कोणीतरी मान हलवली आणि सगळे घरी गेले.

त्याने आमची वायर सोडवून वेटोळं करून माझ्या हातात दिली. ओरडला नाही. म्हणाला, "मी रागावलो नाही. पण सगळ्या गल्लीने मला अब्बाससमोर उभा केलेला बघितला. उद्या मी तुला वीज दिली तर लोक म्हणतील, पापी होता म्हणून दबला. तुझ्या घरचे पुरुष घेऊन ये, चार लोकांत चूक झाली म्हणू देत, त्याच घटकेला वायर जोडतो. तोवर माझे हात बांधलेले आहेत."

घरचे पुरुष कुठून आणू? भाऊ डेन्मार्कला, त्याचा पत्तासुद्धा जुना. माझे तर कबरीत. तुझे इस्पितळाच्या खाटेला बांधलेले. शेजारचा म्हातारा मुअल्लिम, शाळेतला मास्तर, म्हणाला मी येतो, अबू कर्रारने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "आपण आमचेही शेजारी आहात, यांचे घरचे नाही." पलीकडच्या गल्लीचा जनरेटर आपल्या गल्लीत वायर टाकू देत नाही, त्यांच्यात तसं ठरलेलं आहे.

बर्फ मात्र रोज येतो. त्याची बायको आणून देते आणि माझ्याकडे न बघता जाते.

सरकारी वीज दिवसाला तीन तास. कधी दोन. तेवढं मशीन चालतं, तेवढा वेळ आई आडवी. मग तिला शिवणाच्या मशीनपुढे बसवते, ती त्याच्या फळीवर कपाळ टेकते. नखं निळी दिसतात. काल म्हणाली, "कोळिष्टकं काढलीस का?" मी काढली आहेत, पण तिला ते बघायला वर मान करता येत नाही.

तू म्हणाली होतीस आकडे लिही. माझ्याकडे आता कुठले आकडे लिहायचे ते मला कळत नाही.

बद्रिया

•

बिस्मिल्लाह.
बगदाद, मंगळवार, १३ जुलै

बद्रिया,

तुझं पत्र मिळाल्यावर मी मशीनवाल्या दुकानदाराकडे गेले. त्याच्याकडे दुरुस्ती करणारा एक अर्मेनियन म्हातारा बसतो. माझी वही त्याने चष्म्यावरून बघितली आणि विचारलं, "हज्जीया, ही इस्त्री आहे का?"

म्हटलं, नाही, हवेचं मशीन.

"मग इस्त्रीचा हिशेब का केलात? इस्त्रीला, दिव्याला कमी व्होल्ट दिले तर ती मुकाट्याने कमी तापते, कमी ओढते. ह्यात मोटर आहे. मोटरला तेवढीच हवा दाबायची असते. व्होल्ट कमी मिळाले की ती करंट जास्त ओढते, सासरी उपाशी ठेवलेल्या सुनेसारखी दुप्पट धापा टाकत काम करते. तिचे ओहम कोण मोजतो?"

मी तिथेच भागाकार केला. काम तेच चारशे वॅट, खाली एकशे पासष्ट. दोन पूर्णांक बेचाळीस. बेचाळीस शतांश जास्त, म्हणून लगेच नाही, पंधरा-वीस मिनिटांनी पडणारा ब्रेकर. सगळं जुळतं. अबू कर्रार पहिल्यापासून तीन म्हणत होता. पहिल्या पत्रात मी हाच भागाकार केला होता, फक्त खाली पत्र्यावरचा आकडा घेतला. त्रिकोणातली दोन घरं भरलेली असावी लागतात, बद्रिया. माझ्याकडे एकच होतं. दुसरं मी मनाने भरलं आणि त्याच्या जोरावर एका सज्जन माणसाला अब्बाससमोर उभं केलं. एका अँपियरसाठी. महिन्याचे पाच हजार दिनार. हातिमला मी त्याहून जास्त दिलेत.

आता काय करायचं ते सांगते, आणि ह्यात आकडा एकच आहे.

ह्या पुडक्यात माझी काळी शैला आहे, डोक्यावरची, हजला बांधली होती ती. ती घेऊन अबू कर्रारच्या घरी जा. शेडवर नाही, घरी. उंबऱ्यावर ठेव आणि म्हण: ही बगदादच्या नजिहाची. बाईने डोक्यावरचं कापड उंबऱ्यावर टाकलं तर पुरुषांची गरज उरत नाही, हे त्याला माहीत आहे आणि गल्लीलाही. मग सोबतचं दुसरं पत्र मुअल्लिमांना मोठ्याने वाचायला सांग. त्यात मी लिहिलंय की हिशेब माझा चुकला, शब्द माझे होते, माझी बहीण फक्त टपाल होती. मी प्रायश्चित्ताचे तीन रोजे धरलेत, आज दुसरा. तो म्हणेल ती माफी मी चौकात मागीन, रस्ता उघडला की. यांना पुढच्या मशीनवर चढवून शेजारणीच्या हवाली करून मी आजच निघणार होते, पण गाड्यांच्या गराजमध्ये सांगतात की वाटेतल्या कूतच्या पुढे गाड्या परत फिरवतायत.

मग तीन अँपियर घे. चार म्हणाला तर चार. त्याच्याशी हिशेब करू नकोस.

नजिहा

•

बिस्मिल्लाह.
बगदाद, रविवार, १ ऑगस्ट

बद्रिया,

माझं तेरा तारखेचं पुडकं काल हातिमच्या बायकोने परत आणून दिलं. तो कूतला नऊ दिवस अडकला आणि माघारी आला. दोरी मी बांधली तशीच. आत शैला, तुझं पत्र, अबू कर्रारसाठीचं पत्र. म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही. तू अजून माझ्या उत्तराची वाट बघत असशील, की मी रागावले असं समजली असशील. मी रागावलेली नाही.

आज गराजमध्ये सकाळपासून उभी होते. एक माणूस खरबुजांचा ट्रक घेऊन नदीच्या पलीकडच्या वाटेने जातोय. त्याला मी ओळखत नाही. त्याला शैला दिली, तेरा तारखेचं पत्र आणि हे पत्र दिलं, अबू कर्रारसाठीचंही दिलं. भाडं किती विचारलं तर म्हणाला, "हज्जीया, पोचलं तर तुमची बहीण देईल." पहिल्यांदाच कोणी तसं म्हणालं आणि मला वाटलं, ह्याने पैसे घेतले असते तर बरं होतं.

इथे रोज दुपारी वीज जाते तेव्हा मी घड्याळ बघते. तुमच्याकडची तीन तासांची वीज कुठल्या वेळेला येते ते तू लिहिलं नाहीस. मी सकाळची धरून चालते. सकाळी काम करताना मनात म्हणते, आता आडवी असेल.

उत्तर त्याच ट्रकवाल्याच्या हाती दे, तो गुरुवारी परत फिरणार आहे. लांब लिहू नकोस, कागद मिळेल तो घे, त्याला थांबायला वेळ नसेल. आई कशी आहे हे लिहू नकोस. दोनच गोष्टी लिही: वायर जोडली का, आणि आई आडवी झोपते की बसून. दोन्ही नीट बघून लिही, मनाने भरू नकोस. तिसरीवर मी बोट ठेवून बसले आहे.

नजिहा